बॉयलरचे पाणी, बॉयलरची आग

बॉयलर म्हटले की दाबाची भीती वाटते. पण बॉयलर दगा देतो तो बहुतेक वेळा पाण्यापायी. १०.५ किलो दाबाला पाणी सुमारे १८५ अंशांवर उकळते आणि भट्टीतली ज्वाळा हजार अंशांच्या वर असते. तरीही भट्टीची नळी शाबूत राहते, कारण पलीकडचे पाणी तिची उष्णता सतत ओढून घेते. पाणी उतरले किंवा नळीवर क्षारांचा थर चढला की पोलाद मऊ पडून फुगते, मग आतला दाब ते फाडतो. जळगाव-धुळ्याकडे या धोक्याला दोन गोष्टी हातभार लावतात: बोअरचे पाणी जड असते आणि सरपणाची आग लवकर विझत नाही.

जडपणा काढायला सॉफ्टनर असतो. त्यातले रेझिन ठरावीक पाण्यानंतर थकते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करावे लागते. खानदेशात हा हिशेब वर्षभर एक राहत नाही. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात, टँकर सुरू होतात आणि दर टँकरचे पाणी निराळे निघते. म्हणून मीठ तारखेवर सोडू नये. पाळीतून एकदा तरी पाण्याच्या जडपणाची थेंब-चाचणी करून ठरवावे. शिवाय सॉफ्टनर विरघळलेले क्षार काढत नाही, त्यांची फक्त अदलाबदल करतो. ते आत साठत जातात, आणि त्यांना ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधले थोडे पाणी ठरावीक वेळाने बाहेर सोडणे, हाच उपाय आहे. गरम पाणी वाया जाते म्हणून ब्लोडाऊन टाळणे ही खोटी काटकसर आहे.

आग इथल्या शेताची असते. पऱ्हाटी, भुईमुगाची टरफले, भुसा दाबून केलेल्या ब्रिकेट आणि साखर कारखान्यात बगॅस. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश भरपूर. ती कमी उष्णतेलाच वितळून जाळीवर क्लिंकर, म्हणजे राखेचे कडक ढेकूळ, धरते. क्लिंकर काढताना आग मंद हवी, धूर ओढणारा पंखा चालू हवा आणि माणूस दाराच्या समोर नव्हे, बाजूला उभा हवा. उत्तर प्रदेशातील उंचाहारच्या वीज केंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी राख-क्लिंकर साचलेल्या भट्टीतून तप्त वायू बाहेर फुटला. चाळीसहून अधिक माणसे दगावली. तो संच ५०० मेगावॉटचा होता. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातही त्याच क्षमतेचे दोन संच आहेत.

बॉयलर हाऊसमधली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच. काचेत पाणी दिसते एवढ्यावर विसंबू नये. काचेकडे येणारी वाट तुंबली असेल तर ते जुनेच पाणी असते. दर पाळीला ड्रेन कॉक उघडावा. मग पाण्याचा कॉक बंद केल्यावर नुसती वाफ सुसाटली पाहिजे. तो उघडून वाफेचा कॉक बंद केल्यावर पाणी आले पाहिजे. शेवटी वाफेचा कॉक उघडून ड्रेन बंद करताच पाणी झपाट्याने वर चढले पाहिजे. रेंगाळत चढले तर कुठेतरी गाळ आहे. काच रिकामी दिसली तर फीड पंप चालू करण्याचा मोह जिवावर बेततो; तापलेल्या नळीवर गार पाणी पडता कामा नये. आधी इंधन आणि हवा बंद करावी. ब्रिकेटचा निखारा मात्र बटण दाबून विझत नाही. तो ओल्या राखेने दाबावा लागतो. म्हणून ओली राख हाताशी हवी.

मे महिन्यात बाहेरच पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी अटेंडंट सावलीत जाऊन बसला तर त्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. काच दिसेल अशा जागी वारा खेळणारी बैठक आणि पिण्याचे पाणी, हीसुद्धा सुरक्षेचीच साधने होत. दारे दोन असावीत आणि बाहेर उघडणारी. ब्रिकेटची थप्पी भट्टीपासून लांब असावी.

वार्षिक तपासणीची प्रथा अपघातांतून आली. १८६३ साली कोलकात्यात बॉयलर फुटला, पुढच्याच वर्षी बंगालने कायदा केला. देशभराचा कायदा १९२३ चा, आणि आता २०२५ चा. दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन काचा आणि प्रमाणपत्रधारक अटेंडंट लागतो.

हंगाम संपला की बॉयलर कोरडा करून आत चुनकळीचे ट्रे ठेवतात, म्हणजे ओल शोषली जाते. नव्या हंगामात बॉयलर पेटवण्याच्या, म्हणजे अग्निप्रदीपनाच्या, पूजेआधी ते ट्रे, हत्यारे आणि माणसे बाहेर आल्याची मोजदाद करावी, मॅनहोलला नवे गॅस्केट घालावे, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून पाहावा. आग मंद ठेवावी, आणि एअर कॉकमधून हवा जाऊन सलग वाफ येईपर्यंत तो बंद करू नये.