खेळात मागितलेली जागा

अजिंठ्याच्या लेण्यांना नालाकृती वळसा घालून, डोंगराची सोबत सोडून मैदानात उतरलेली वाघूर नदी ज्या पहूर गावावरून तापीकडे जाते, त्या गावच्या मुलांना गोष्टींचा वारसा पिढीजात वतनासारखाच लाभलेला आहे. कारण जिच्या वाळूत ती खोपे रचतात, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, सतराव्या लेण्याच्या भिंतींवर, सर्वस्व देऊन टाकणाऱ्या विश्वंतराची आणि सहा दातांच्या गजराजाची कथा दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी रंगवून ठेवली आहे.

खेळांच्या बाबतीतही हे गाव भाग्यवान होते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी जी छोटी आगगाडी साऱ्या मुलखात ‘पीजे’ या लाडक्या नावाने ओळखली जाई, आणि जी शतकभर धावून २०२० साली थांबली, ती येथल्या मुलांच्या खेळात अहोरात्र चालू असे. एकमेकांचा सदरा मागून घट्ट धरावा, काडेपेटीच्या छापांची तिकिटे करावीत, आणि ‘शेंदुर्णी, पहूर, जामनेर’ असा पुकारा करीत गल्लीबोळांतून धावावे! इंजीन होण्यासाठी हमरीतुमरी ठरलेली. परंतु आमच्यातला एक मुलगा त्या भांडणात कधी पडलाच नाही. त्याला नेमका शेवटचा डबा हवा असे. हातात कडुनिंबाची डहाळी घेऊन तो सर्वांवर नजर फिरवी, मागे पडलेल्या चिमुरड्याला हाताशी धरून रांगेत आणी, आणि मगच डहाळी हलवून गाडी सोडी. पुढे तो भुसावळला रेल्वेत गार्ड झाला, याचे मला यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही.

‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न वडीलधारी माणसे मुलांना हटकून विचारतात, आणि मुलेही डॉक्टर, मामलेदार अशी वडिलांच्याच तोंडून ऐकलेली नावे इमानाने परत करतात. हुद्द्याचे नाव उसने घेता येते. खेळात मागितलेली जागा मात्र मुलाची स्वतःची असते. महत्त्वाकांक्षेचा पहिला अंकुर तेथेच फुटतो, अशी माझी श्रद्धा आहे.

याच लोहमार्गावरच्या शेंदुर्णीच्या शाळेत शिकलेला पळसखेड्याचा एक मुलगा जळगावचे महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून शेतीकडे परतला, तेव्हा रूढ हिशेबाने त्याची प्रगती खुंटली असेच कोणीही म्हटले असते. परंतु ज्या मुलखात वहीगायन या लोकगायनाच्या तालावर रात्री जागतात, त्या मुलखाचे लेणे घेऊन ना. धों. महानोर नांगरामागे चालत होते. १९६७ साली त्यांच्या ‘रानातल्या कविता’ प्रसिद्ध झाल्या, आणि नंतरच्या एका संग्रहाला तर त्यांनी ‘वही’ हेच नाव दिले. याच मुलखातली आणखी एक गोष्टही त्यांच्या काव्यात उतरली. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी कंपनी सरकारने धाडलेल्या गिलसाहेबाच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या, खुद्द साहेब १८७९ साली भुसावळला वारला. पण त्याची आणि त्याच्या प्रेयसीची, पारोची, कहाणी अजिंठ्याच्या पंचक्रोशीत तोंडोतोंडी जगत राहिली. तिचेच महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य केले. शेती हा त्यांचा व्यवसाय होता आणि कविता हाही. एकाने दुसऱ्याला उणे आणले नाही.

अशीच मनाजोगती जागा एका शिक्षकानेही मागून घेतली होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. दररोज, स्वतःच्या हाताने! आईच्या मायेवर वाढलेले मूल किती मुलांची आई होऊ शकते, याचे याहून उत्कट उदाहरण खानदेशाच्या दप्तरी मला तरी आढळत नाही.

पहूर-शेंदुर्णीकडील पालकांना आणि गुरुजनांना माझी कळकळीची विनंती आहे, की सायंकाळचा डाव मोडून मुलांना शिकवणीला धाडण्यापूर्वी, आपले मूल त्या डावात कोणती जागा मागून घेते हे घटकाभर उभे राहून पाहावे. आणि शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास, ज्याला परीक्षेत एकही गुण नाही असा, निव्वळ गोष्टीसाठी राखून ठेवावा.