नकाशाबाहेरील माणसे

भूगोल या विषयाशी आमचा शाळेतील ऋणानुबंध फारसा गोड नव्हता. नद्या निळ्या रंगवाव्यात, डोंगर तपकिरी रंगवावेत आणि उत्तीर्ण होण्यापुरते गुण पदरात पाडून घ्यावेत, एवढाच त्या शास्त्राचा व आमचा संबंध. गेल्या मार्गशीर्षात कुलदैवताच्या दर्शनासाठी आम्ही बीड जिल्ह्यात गेलो, तेव्हा मिटून ठेवलेले ते पुस्तक आम्हांस पुन्हा उघडावे लागले.

आमचे मूळ गाव बालाघाटावरचे, पाटोदा तालुक्यातले. आजोबांनी तरुणपणीच ते सोडले व पुण्यास बिऱ्हाड केले. सोबतीस आमच्या नात्यातले एक वृद्ध गुरुजी होते. भूगोल शिकविण्यातच त्यांचा जन्म गेला. बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर खजाना विहीर लागते. निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ही विहीर दुष्काळातही आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. भुयारी मार्गांनी पाणी विहिरीत येते व दुसऱ्या भुयाराने ते बाहेर पडून खालच्या शेतांकडे जाते. मोट नको, यंत्र नको. जमिनीचा उतार तेवढा कोणीतरी नीट वाचलेला! गुरुजी काठावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “पुस्तकातला भूगोल आम्ही शिकवला, हा केलेला भूगोल.”

मांजरसुंब्याचा घाट चढला की भूमीचे रूप पालटते. खाली गेवराई-माजलगावकडे गोदावरी-सिंदफणेच्या खोऱ्यातली काळी, खोल जमीन. वर उथळ, मुरमाड माळ. खाली सर्वत्र काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेल्या लाव्हारसाचे हे थर आहेत. पाणी मुरते ते त्यांच्या भेगांत व कुजलेल्या मुरमात, म्हणून विहिरीचे नशीब हाता-दोन हातांवर बदलते. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवरच आपली झोळी रिकामी करतात. महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीडच्या वाट्यास सहाशे-सातशे, तोही लहरी. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. धनेगावी तिला धरण आहे व लातूर शहर त्याचे पाणी पिते. २०१६ साली ते धरण कोरडे पडले आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी पोचवावे लागले, हे वाचकांस आठवत असेल.

आम्ही गावात शिरलो तो भर दुपारी निम्म्या घरांस कुलपे. ओट्यांवर म्हातारी माणसे, अंगणात चार-दोन पोरे, बाकी सामसूम. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीने ऊसतोडीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापुरास, कोणी कर्नाटकात बेळगावकडे. पाचटाच्या कोप्यांत राहावे, पहाटेच्या थंडीत फडात उतरावे, मोळ्या बांधून गाडी भरावी आणि पाडव्याच्या आगेमागे परतावे, असा हा क्रम. कारखान्याच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्याराने होते, हे ऐकून आम्ही चपापलो.

गुरुजींनी आम्हांस शाळेत नेले. आईबाप परगावी असलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय तेथे आहे. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी जिल्ह्याचा नकाशा रंगवीत बसली होती. आम्ही थोड्या मोठेपणाच्या आवाजात विचारले, “बाळ, तुझे गाव कोठे ते दाखव पाहू.” तिने अचूक बोट ठेवले. “आणि आईवडील?” तिने नकाशावर नजर फिरवली, मग वहीच्या कडेकडे पाहिले व म्हणाली, “ते ह्या कागदात बसत न्हाईत.” आम्हांस पुढचा प्रश्न सुचला नाही.

मानवी भूगोलाच्या अभ्यासकांपुढे आज जो अवघड प्रश्न आहे, तोच त्या पोरीने आपल्या भाषेत मांडला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. ती शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे गळिताचा हंगाम भरात असताना. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने एक महिना वा त्याहून अधिक, पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहणाऱ्यास अल्पकालीन स्थलांतरित म्हटले. ऊसतोडीचा हंगाम तर कधी पाच महिन्यांचा, कधी सहा. म्हणजे पाऊस बरा झाला आणि ऊस जास्त पिकला की तेच जोडपे एका रकान्यातून निसटून दुसऱ्याच्या दारात उभे! जे रकान्यात स्थिर राहत नाही ते धोरणातही स्थिर राहत नाही. त्याचे शिधापत्रक एका गावी, पोट दुसऱ्या गावी, मूल तिसऱ्याच्या भरवशावर.

परतताना आम्ही म्हणालो, “पाऊस यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ही माणसे पावसाकडे जातात.” सह्याद्रीने अडविलेले पाणी कृष्णा-पंचगंगेतून वाहते, त्यावर ऊस वाढतो व तो तोडावयास पर्जन्यछायेतली माणसे जातात. आमची ही संगती आम्हांस मोठी पटली होती. गुरुजींनी मान हलविली. “वाक्य चांगले आहे, पण अर्धे. मघाची विहीर विसरलात काय? तीही याच पर्जन्यछायेत आहे. पाऊस निसर्ग देतो. पाणी कोणास मिळावे, तोडणीचा भाव काय असावा, बाईच्या आजारपणाचा खाडा कापावा की नाही, हे ढग ठरवीत नाहीत.” २०१९ साली येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करावयास राज्य सरकारला समिती नेमावी लागली, याची आठवण त्यांनी दिली. कामाचा दिवस बुडू नये, ही धास्ती त्या दुखण्याच्या मुळाशी होती. तिचा रंग कोणत्याही नकाशात नाही.

आमच्या मनात मात्र एक निराळीच गोष्ट सलत राहिली. आजोबांनीही हेच गाव सोडले होते. त्यांच्या सोडण्यास आमच्या घरी तीन पिढ्या ‘प्रगती’ म्हणतात. शेजारच्या घराने सोडले त्यास ‘स्थलांतर’. माळ तोच, दुष्काळ तोच. आजोबांच्या हाती अक्षरओळख होती व पुण्यात टेकावयास एक आप्त होता, एवढाच काय तो फरक. आमच्या चहातल्या साखरेचा उगम कोठे, हे सांगावयास आम्हांस कोणत्याही नदीचा उगम पाठ करावा लागला नसता. जुन्या शेजाऱ्याची विचारपूस केली असती तरी पुरले असते.

निघण्यापूर्वी गुरुजींनी केलेली एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. त्या मुलीच्या नकाशाला त्यांनी पश्चिमेच्या बाजूने दुसरा कागद चिकटविला. त्यावर कृष्णा काढली, सांगली दाखविली आणि पेन्सिल तिच्या हाती दिली. तिने आजीला हाक मारून गावाचे नाव विचारून घेतले व तेथे दोन ठिपके काढले. एक नव्हे, दोन. कारखाना त्या दोघांस एक कोयता म्हणो. तिच्या नकाशात ती दोन माणसे होती.