रुमी मस्तकीच्या गावात

काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ नावाचे पिवळसर खडे मिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना ठाऊक असतील. ते कुठून येतात हे मात्र शेतीखात्यात तीस वर्षे काढूनही मला सांगता आले नसते. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याच्यामुळे सप्टेंबरात ग्रीसला जाणे झाले आणि मस्तकीचे गाव पाहायला मिळाले.

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात रात्री बोटीत बसलो, सकाळी किऑस बेटावर उतरलो. बेटाच्या दक्षिणेला पिर्गी आणि मेस्ता ही जुनी गावे आहेत. वाटेत दगडी ताली आणि त्यांवर वाकडीतिकडी, बुटकी झाडे दिसतात. हीच मस्तकीची झाडे. या जातीचे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठी सगळीकडे उगवते. पण बाजारात नाव असलेला डिंक पिढ्यान् पिढ्या इथलाच.

त्यांची कामाची रीत पाहून मला आपले खळे आठवले. उन्हाळ्यात झाडाखालची जागा खुरपून, झाडून सपाट करतात आणि तिच्यावर चुनखडीची पांढरी पूड पसरतात. मग टोकदार हत्याराने सालीला बारीक खाचा देतात. डिंक थेंबाथेंबाने पांढऱ्या पुडीवर पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. झाड पाच वर्षांचे झाल्यावर उत्पन्न सुरू होते, आणि चांगल्या झाडालाही वर्षाला दीडदोनशे ग्रॅमच डिंक मिळतो. तोळ्यामाशाचा हिशेब म्हणा ना!

पिर्गीच्या घरांच्या भिंती पाहत राहाव्यात अशा आहेत. काळसर गिलाव्यावर चुना देतात आणि तो ओला असतानाच खरवडून चौकटी, त्रिकोण काढतात. सज्जांतून टोमॅटोच्या माळा वाळत टाकलेल्या होत्या.

मेस्ता मात्र गढीच आहे. कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून गावाचा तट केलेला. बोळ इतके अरुंद की भरलेली बैलगाडी आत शिरायची नाही. जिनोआच्या व्यापाऱ्यांनी १३४६ पासून १५६६ पर्यंत बेटावर राज्य केले, त्या काळातली ही बांधणी. तट चाचांसाठी होता, हे खरे. पण डिंक पिकवणाऱ्याला तो स्वतः विकायची मुभा नव्हती आणि चोरीला कान-नाक कापण्यापर्यंत शिक्षा होती. तेव्हा भिंत माणसाला जपत होती की मालाला, हे तुम्हीच ठरवा. पुढे तुर्कांच्या अमलात १८२२ साली बेटावर भयंकर कत्तल झाली. त्यातून ही गावे बरीचशी बचावली, कारण हात तोडले तर डिंक कोण काढणार?

मला भावले ते १९३८ साल. त्या वर्षी उत्पादकांचा संघ झाला. सगळ्यांनी डिंक संघालाच घालायचा, विक्री संघाने करायची. आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्या माझ्या डोळ्यांदेखत बुडाल्या, म्हणून हे पाहून थोडा हेवा वाटला. १९९७ मध्ये युरोपात ‘किऑसची मस्तकी’ या नावाला संरक्षण मिळाले. २०१४ मध्ये युनेस्कोने ही लागवडीची विद्या मानवी वारशात नोंदली. अडचणीही आहेतच. २०१२ च्या ऑगस्टमधील वणव्यात कितीतरी बागा जळाल्या. नवे झाड लावणाऱ्याला पाच वर्षे वाट पाहणे आले.

मेस्तामध्ये एका उंबऱ्यावर म्हातारी आजी ताटात डिंक घेऊन बसली होती. आपल्या आया तांदूळ निवडतात तशी एकेक खडा उचलून चाकूच्या टोकाने माती काढत होती. मला भाषा येत नव्हती, तिला माझी. शेजारी जाऊन बसलो तर हसली आणि एक खडा माझ्या हातावर ठेवून चावायची खूण केली. आधी कडवट लागला, भुगा झाला, मग मऊ होऊन देवदारासारखा वास तोंडात भरला. मी मान डोलावली. तिने ताट जरा माझ्याकडे सरकवले आणि चाकूही दिला. तासभरात माझ्याकडून मूठभरदेखील साफ झाला नाही.