आईच्या हाताची रेघ

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आनंद झाला आणि थोडी अडचणही वाटली. माझ्या वर्गातले मित्र आज शिक्षक आहेत, तलाठी आहेत, परिचारिका आहेत, कुणी वकील आहे. त्यांचे काम एका शब्दात सांगता येते. माझे सांगता येत नाही. मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. परंतु त्यातून बँकेचा हिशेब होत नाही की तिकिटे निघत नाहीत. त्यातून चित्रे उमटतात, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हालचालीला ती चित्रे उत्तर देतात. या कामाला ‘क्रिएटिव्ह कोडिंग’ म्हणतात. गावात विचारले तर आई एवढेच सांगते, ‘‘पोरगा कॉम्प्युटरवर रांगोळी काढते.’’ हे वर्णन ऐकून प्रथम मी ओशाळलो होतो. पुढे त्याहून नेमके वर्णन मला सापडले नाही.

या कामाची सुरुवात आपल्या शाळेतच झाली, हे आज सांगितले पाहिजे. इयत्ता पाचवी ते दहावी मी वसतिगृहात होतो. संगणक कक्षात सहा संगणक होते आणि त्यांतले दोन बहुधा बंद असत. चपला बाहेर काढायच्या, पडद्यावरचे कापडी आवरण घडी करून ठेवायचे, एका यंत्रापुढे दोघांनी बसायचे. आठवड्यातून एकच तास. उरलेला आठवडाभर दाराला कुलूप. यंत्रे महाग होती आणि ती देणगीतून आली होती. त्यामुळे कुलपाचा राग कुणाला येत नसे. तरीही रात्रीच्या अभ्यासिकेतून समोरचे ते बंद दार दिसायचे आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मी आज्ञा लिहून ठेवायचो.

त्या आज्ञा लोगो नावाच्या भाषेतल्या होत्या. पडद्याच्या मधोमध एक लहानसा त्रिकोण असे. त्याला कासव म्हणायचे. ‘फॉरवर्ड 100’ लिहिले की कासव शंभर पावले पुढे जाई आणि मागे रेघ सोडी. ‘राइट 90’ लिहिले की काटकोनात वळे. हे चार वेळा केले की चौरस. ही भाषा 1967 मध्ये अमेरिकेत वॉली फॉयरझाइग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी तयार केली, हे मला फार उशिरा कळले. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. तारुण्यात त्यांनी तिथल्या वर्णभेदाला विरोध केला होता. पुढे जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्यासोबत काम केले. संगणकाने मुलाला शिकवण्याऐवजी मुलाने संगणकाला शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या कक्षातल्या त्या धुळकट यंत्रात एवढा मोठा विचार बसलेला आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती.

प्रजासत्ताक दिन जवळ आला होता. गणिताच्या सरांनी सांगितले, कासवाकडून अशोकचक्र काढून घ्या. चोवीस आऱ्या, म्हणजे 360 भागिले 24. दोन आऱ्यांमध्ये 15 अंश. मी घाईत 16 लिहिले. कासव शंभर पावले पुढे जाई, तेवढेच मागे येई, 16 अंश वळे आणि पुन्हा निघे. तेविसावी आरी काढून ते वर्तुळाच्या शेवटाशी आले आणि चोविसावी आरी पहिल्या दोन आऱ्यांच्या नेमकी मध्ये घुसली. शेजारचा मित्र हसला. मी पुसायला निघालो तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, ‘‘पुसू नकोस. आऱ्या वाढवत जा, कुठे जुळते ते बघ.’’ तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांनी मला उठवले नाही. पंचेचाळिसाव्या आरीला चक्र जुळले. कासव दोन पूर्ण फेऱ्या मारून, म्हणजे 720 अंश फिरून, मूळ जागी आले होते आणि प्रत्येक दोन आऱ्यांमध्ये बरोबर आठ अंशांचे अंतर होते. ते अशोकचक्र नव्हते. पण त्यात नियम होता, आणि तो माझ्या चुकीतून निघाला होता. त्या दिवशी सरांनी मला किती गुण दिले ते आठवत नाही. त्यांनी पुसू दिले नाही, हे मात्र आजही माझ्या कामाच्या मुळाशी आहे.

पदविका झाली, नोकरी लागली, आणि काही वर्षे मी इतरांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहिले. मग ‘प्रोसेसिंग’ नावाची एक मोफत साधनभाषा हाती आली. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ती सुरू केली होती. तिच्यात प्रोग्रामला प्रोग्राम म्हणत नाहीत, ‘स्केच’ म्हणतात. म्हणजे कच्चे रेखाटन, खोडायला आणि बदलायला मोकळे. तिची रचना साधी आहे. एक भाग सुरुवातीला एकदाच चालतो, दुसरा भाग साधारणपणे सेकंदाला साठ वेळा पुनःपुन्हा चालतो. त्या साठ वेळांमध्ये बघणाऱ्याचा हात कुठे आहे हे विचारले आणि त्याप्रमाणे रेघ हलवली, की चित्र जिवंत होते. पहिल्या रात्री मी काय काढले असेल? सोळा अंशांचे चक्र.

याच सुमारास व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीची ओळख झाली. अर्थात तिच्या चित्रांतून. 1924 मध्ये बुडापेस्टला जन्मलेल्या या बाईंनी पॅरिसमध्ये आयुष्य घालवले. संगणक मिळण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ‘काल्पनिक यंत्र’ मानले होते. स्वतः नियम ठरवायचे आणि यंत्र पाळील तसे ते हाताने पाळायचे. 1968 मध्ये त्यांना खरा संगणक वापरायला मिळाला. शंभरी पूर्ण व्हायला काही आठवडे उरले असताना, डिसेंबर 2023 मध्ये त्या वारल्या. तोवर काम थांबले नव्हते. त्यांची एक मालिका आहे, ‘आईची पत्रे’. त्यांच्या आईचे हस्ताक्षर वयोमानाने अस्वस्थ होत गेले होते. संगणकाकडून तशाच थरथरत्या ओळी त्यांनी काढून घेतल्या. त्यात वाचता येईल असे अक्षर एकही नाही. तरी पत्र कुणी लिहिले आहे ते कळते.

ती पत्रे पाहिली आणि मला माझ्या आईची सही आठवली. आई शाळेत गेली नाही. प्रौढ साक्षरता वर्गात ती नाव लिहायला शिकली. दिवसभर तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळणारे तिचे हात पेन धरताना कापत. तेच हात दिवाळीत सारवलेल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना मात्र जराही चुकत नसत. ठिपके मोजून मांडायचे, मग रेघ त्यांना जोडत किंवा वळसा घालत न्यायची. हा सगळा नियमांचाच खेळ आहे; आई तो माझ्या आधीपासून लिहीत होती.

मी ठरवले, पहिले मोठे काम तिच्या रांगोळीवर करायचे. काळोख्या खोलीत भिंतीवर प्रकाशाचे ठिपके. समोर कॅमेरा. प्रेक्षकाने हवेत हात फिरवला की ठिपक्यांमधून रेघ धावते. हातात काही धरायचे नाही, अंगावर काही चढवायचे नाही. अशी कल्पना नवी नव्हती; मायरन क्रूगर यांनी 1970च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणसाच्या छायाकृतीलाच चित्राशी खेळू दिले होते. मी महिनोन्महिने खपलो. एका प्रदर्शनात ते काम निवडले गेले आणि उद्घाटनाला मी आईला गावाहून आणले.

लोकांनी हात हलवले, रेघा उमटल्या, टाळ्या वाजल्या. मग मी आईला पुढे केले. ती तिच्या ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात उभी होती. तिने हात वर केला. रेघ आली नाही. तिने हात पुढे नेला, बाजूला नेला. काहीच नाही. मागे रांगेतले लोक थांबले होते. आईने हात पदराखाली घेतला आणि मला हळूच म्हणाली, ‘‘रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, अन् इथं हात दिसत नाही. जाऊ दे बापू, मशीनले मायी ओळखच नाही.’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागले. विड्या वळून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या बाईला यंत्राने नाकारणे नवीन नव्हते. फरक इतकाच होता की हे यंत्र तिच्या मुलाने बनवले होते.

त्या रात्री मी प्रोग्राम उघडला. कॅमेऱ्याच्या प्रत्येक बिंदूची उजळता 0 ते 255 या अंकांत येते. मागे काळा पडदा होता, म्हणून मी नियम केला होता, ठरावीक अंकापेक्षा जे उजळ तो हात. तो अंक मी कुठून आणला? चाचणीसाठी कार्यालयातले चार सहकारी उभे केले होते. सगळे माझ्यापेक्षा उजळ. मी स्वतः बाह्या सरसावून, दिव्याच्या जवळ उभा राहून पाहिले होते. शिवाय फार हळू हलणारी वस्तू म्हणजे कॅमेऱ्यातला गोंधळ, असे मानून ती गाळून टाकण्याची ओळही मीच लिहिली होती. आईचा हात सावळा होता आणि हळू चालत होता. माझ्या प्रोग्रामच्या भाषेत ती तिथे नव्हतीच. कुणी वाईट हेतूने हे केले नव्हते. पण हेतू चांगला असल्याने तिचा हात दिसला नाही.

पुढे जॉय बुओलामविनी यांच्याविषयी वाचले. एमआयटीत शिकत असताना त्यांनी आरशावर चेहरा बदलून दाखवणारी एक कलाकृती रचायला घेतली. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीला त्यांचा कृष्णवर्णी चेहरा दिसेना, आणि पांढरा मुखवटा चढवताच दिसला. त्यांनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये बाजारातल्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांचे लिंग ओळखताना चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. मी वाचत होतो आणि हिरव्या पदराखाली गेलेला हात मला दिसत होता.

दुरुस्ती कठीण नव्हती. रिकाम्या खोलीचे एक चित्र आधी घेऊन ठेवायचे आणि नंतरच्या प्रत्येक चित्राची त्याच्याशी तुलना करायची. मग उजळ की सावळे हा प्रश्नच उरत नाही, काय बदलले एवढेच पाहावे लागते. काळा पडदा काढून मी राखाडी लावला, कारण काळ्यावर सावळा हात कशानेच नीट वेगळा पडत नाही. संथ हालचाल गाळणारी ओळ काढली. चाचणीला इमारतीचे पहारेकरी, सफाई कामगार, त्यांची मुले अशी सगळी माणसे बोलावली. त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. बहुतेक बायका भिंतीपुढे अवघडून उभ्या राहत. रांगोळी भिंतीवर कोण काढते? मी ठिपके जमिनीवर आणले. कॅमेरा छताला टांगला. बायका आपोआप उकिडव्या बसल्या आणि चिमूट धरल्यासारखी बोटे जुळवून त्यांनी रेघ ओढायला सुरुवात केली. मला वाटत होते, मी प्रोग्राम दुरुस्त करतो आहे. दुरुस्त होत होती ती माझी समजूत.

पुढच्या वर्षी ते काम पुन्हा मांडले. आई यायला तयार नव्हती. बहिणीने आग्रहाने आणले. ती बसली, तिने बोटे टेकवली, आणि रेघ तिच्या बोटामागून निघाली. तिने नऊ ठिपके जोडले. उठल्यावर रेघ पुसली गेली तशी ती म्हणाली, ‘‘अंगणातली तरी सांजेपर्यंत राहते.’’ आता त्या कामात एकाची रेघ दुसरा येईपर्यंत जमिनीवर राहते. हा बदल तिच्या सांगण्यावरून केलेला आहे.

मागल्या वर्षी शाळेत दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. आता ‘पी5’ हे साधन ब्राउझरमध्येच चालते, महागडे यंत्र लागत नाही. मुलांनी त्यात नावेही देवनागरीतच दिली, ‘ठिपका’, ‘रेघ’, ‘वळण’. संगणकाने ती निमूट मान्य केली. सातवीतल्या एका मुलीने पावसाच्या थेंबांना उलटे, वर जायला लावले आणि घाबरून माझ्याकडे पाहिले. मी तिला म्हणालो, ‘‘पुसू नकोस.’’

माजी विद्यार्थी मित्रहो, आणि पालकहो, स्मरणिकेत मागण्या करू नयेत असा संकेत आहे. तरी एक मागणी करतो. संगणक कक्षात आज चांगली यंत्रे आहेत. पण सायंकाळनंतर दाराला कुलूप अजून लागते, कारण तिथे बसणारे मोठे माणूस नसते. आपल्यापैकी जे जवळ राहतात, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ द्यावी. शिकवता आले पाहिजे असे नाही. दार उघडे राहावे, आणि कुणाची आरी चुकली तर तिला शेवटपर्यंत जाऊ द्यावे, एवढेच काम आहे. पहिल्या शनिवारची संध्याकाळ माझ्या नावावर लिहून ठेवावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे.