मुडशिंगीचा मुक्काम

कोल्हापूरला जाणारा मुंबईकर अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो, तांबड्या रश्श्याने नाक-डोळे पुसतो आणि चपलांचा जोड पिशवीत टाकून महालक्ष्मी एक्सप्रेसने परत फिरतो. शहराच्या पूर्वेला आठ-दहा किलोमीटरवरच्या गडमुडशिंगीला मुद्दाम कोणी जात नाही. मलाही तिथे नेले ते ताईच्या फोनने. "तू ये रे चार दिवस. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही," ती म्हणाली. ही 2024 च्या नवरात्रातली गोष्ट.

घरातल्या अबोल्याचे कारण डॉक्टरकी! त्या वर्षी देशभरातल्या सुमारे 23 लाख मुलांनी 'नीट' दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाख सतरा हजारांच्या आसपास. 4 जूनला निकाल लागला. मग पेपरफुटीचा गवगवा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 23 जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली आणि सुधारलेले निकाल लागले. ताईच्या लेकीने हा सारा काळ फोनकडे पाहत काढला. पुढे दोन याद्या लागल्या. दुसरीत तिला दंतवैद्यकाची जागा मिळाली. ती तिने घेऊन ठेवली होती, पण मन एमबीबीएसवर. आता तिसऱ्या फेरीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता.

गावाच्या एका अंगाला उसाची रानं, दुसऱ्या अंगाला विमानतळ. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा विमानतळ मधली अनेक वर्षे ओस होता. 2018 पासून प्रवासी विमाने नियमित येऊ लागली, मार्च 2024 मध्ये नवी इमारतही झाली. विस्तारासाठी मुडशिंगीची जमीन गेली. ज्यांची गेली ते डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात.

उत्तरेला गांधीनगर, म्हणजे कापडाची मोठी पेठ. पण त्याआधी तिथे वळिवड्याची छावणी होती. सोव्हिएत रशियाने 1940 नंतर सैबेरियाकडे हाकललेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, 1943 ते 1948 या काळात इथे राहिले. युद्ध संपले तरी त्यांची वाट पाहणे संपले नाही, कारण ज्या मुलखातून ते आले तो रशियाने गिळला होता. ती पाच वर्षे त्यांनी हातावर हात ठेवून काढली नाहीत. शाळा काढल्या, चर्च बांधले, मुले वाढवली. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले आणि त्यांनी दुकाने मांडली. मला वाटते, या शिवाराइतका वाट पाहण्याचा अनुभव फार थोड्या जागांना असेल.

एका सकाळी भाचीला घेऊन शहरात सीपीआर रुग्णालयाकडे गेलो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2000 सालापासून याच रुग्णालयाला जोडलेले. तिच्या पसंतीत पहिले नाव त्याचेच. मी तिला सांगितले, हे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानाने नेमले ते इथल्या स्त्रीविभागावर.

त्याआधी गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याकडे मदत मागितली होती. नकार आला. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडला. कुठे? तर दंतवैद्याकडे नंबर यायची वाट पाहत बसल्या असताना!

"दंतवैद्य इथंबी आलाच की!" भाची हसली. त्या चार दिवसांतले ते तिचे पहिले हसू.

1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. कोल्हापूरचे काम मात्र त्यांना पाहता आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्यांच्यापुढं आपलं काय बी नाही. पण आपलं बी आपल्याला असतंयच की." यावर मी काय बोलणार?

खरा पेच रात्री कळला. दाजींचे म्हणणे, पुण्याच्या पलीकडची कॉलेजे भरायचीच नाहीत. 2020 पर्यंत राज्यातल्या 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी असत. ती पद्धत गेली आणि कोल्हापूरच्या मुलीला गोंदियाही मोकळे झाले. पण वरची जागा लागली की हातातली दंतवैद्यकाची आपोआप सुटते. मग गोंदिया तर गोंदिया, जावेच लागते.

"मी भरतो गोंदिया," भाची म्हणाली. कोल्हापूरच्या मुली बोलतात पुरुषी, आणि त्या वेळी ते शोभलेही.

दाजी उठून अंगणात गेले. मीही पाठोपाठ गेलो. ते आपण होऊनच बोलले: "पाव्हणं, उसाची कारखान्याला नोंद असती. लागणीच्या तारखेनं तोड मिळती. तरीबी टोळी येता येता मार्च उजाडतो. उसाला तुरा येतो, वजन घटतं. वाट बघण्यात नुकसान नसतं म्हणणाऱ्यानं ऊस लावलेला नसतो."

"मग?"

"मग काय? टोळी आली की कुठल्या का कारखान्याची असंना, तोडायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे वळिवडे स्टेशनवर गेलो. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस इथूनच पुढे जाते. साऱ्या महाराष्ट्राची लांबी ओलांडत सुमारे एक दिवसाने ती दुसऱ्या टोकाला पोचते. गाडी धडधडत गेली. दाजी शेवटच्या डब्यापर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, "बसायला जागा मिळती का ह्यात?" त्या रात्री यादीत गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार, सगळी नावे चढली. ताईने पुरणपोळी केली आणि घरात पुन्हा बोलणे सुरू झाले.

जागा लागली नंदुरबारला, आणि महाराष्ट्र एक्सप्रेस नंदुरबारला जात नाही! दाजी स्वतः पोचवायला गेले. परत आल्यावर त्यांचा फोन आला. कॉलेज कसे, वसतिगृह कसे, यातले काही नाही. "पाव्हणं, तिकडंबी ऊस हाय," एवढेच म्हणाले.

वाचकहो, आपल्याही घरात, शेजारी, कोणी यादीकडे डोळे लावून बसले असेल. भेटल्यावर 'लागली का?' एवढे विचारू नका. त्याऐवजी त्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन जवळपास कुठेतरी हिंडून या. मुडशिंगीला गेलात तर एसटीने जा, आणि दिवाळीनंतर जा. तोवर गुऱ्हाळे पेटलेली असतात, आणि पाहुण्याला ताज्या गुळाचा खडा दिल्याशिवाय तिथे कोणी सोडत नाही.