उडदाएवढी खूण

माणसाच्या कातडीवर उगवणाऱ्या गोष्टींना नावे देताना आपल्या पूर्वजांनी वाण्याच्या दुकानात बसून विचार केला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. सपाट काळा ठिपका दिसला, की तो तीळ. जरा उंचवटा आला, की सुश्रुताने त्याला ‘मषक’ म्हटले आणि तो उडदासारखा असतो असे सांगून ठेवले. आपला मस हा त्याच कुळातला. चामखीळ मात्र वाण्याकडची नव्हे, सुताराकडची. चर्मकील, म्हणजे कातड्यात ठोकलेली खुंटी.

नावे ठेवून झाल्यावर त्यांवर भविष्यही सांगितले गेले. तळहातावरचा तीळ मूठ मिटल्यावर झाकला गेला, की पैसा. जिभेवर काळा ठिपका असला, तर त्या माणसाशी भांडू नये. तळपायाला तीळ असला, की माणूस फिरस्ता. माझ्या डाव्या तळपायाला चांगला ठसठशीत तीळ आहे. पण सातारा सोडून मी फारसा कुठे गेलेलो नाही. एकदा बदली झाली, तीही शेजारच्या जावळीत, आणि तीन वर्षांत मी परत!

पण लोकांना माझा ठाऊक होता तो गालावरचा मस. डाव्या गालावर, जबड्याच्या हाडाच्या जरासा वर. शाळेतल्या मुलांची त्याने मोठी सोय केली होती. फळ्यावर गुरुजींचे चित्र काढायचे, तर एक वाटोळे, त्यात चष्मा, आणि खडूचा एक ठिपका, एवढ्यावर काम भागे. मी वर्गात शिरेपर्यंत वाटोळे आणि चष्मा पुसलेला असे. ठिपका मात्र फळ्यावर तसाच राहून जाई. मुलांनी माझे नाव ‘तिळगूळ गुरुजी’ ठेवले होते आणि संक्रांतीच्या आठवड्यात त्या नावाला ऊत येई. मला त्याचा राग नव्हता. माझ्या वडिलांच्याही गालावर अगदी त्याच जागी तसाच मस होता. ते २००९ साली गेले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबे, आणि तिची नजर कुठे अडकली आहे हे मला न पाहताही कळे.

गेल्या वर्षी श्रावणात दाढी करताना पाते लागून त्यातून रक्त आले. ते नेहमीचेच, म्हणून मी तुरटी फिरवली. पुढे पाते न लागताही उशीच्या अभ्र्यावर डाग दिसू लागले. एके दिवशी हिने मला खिडकीच्या उजेडात उभे केले आणि म्हणाली, “एका बाजूनं जास्त काळा झालाय हो.” त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. माझ्या दोन कादंबऱ्यांत मी कर्करोगाने माणसे मारली आहेत. कथानक अडले, की तो रोग लेखकाला फार उपयोगी पडतो. त्या रात्री मात्र त्या दोन्ही माणसांची मला एकामागून एक आठवण येत राहिली.

मस काढायचा म्हटल्यावर आईने साफ नकार दिला. “राहू दे की. त्यांचं तेवढंच तर उतरलंय तुझ्यात.” हे खोटे नव्हते. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे होते, हिशेब तोंडी होता आणि आवाज कधी चढत नसे. यातले काहीही माझ्याकडे आलेले नाही. काढायचाच असेल, तर आजीसारखा काढ, असेही ती म्हणाली. आमची आजी टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणी आणि चामखिळीच्या मुळाशी आवळून बांधी. आठ-दहा दिवसांत चामखीळ काळी पडून गळे. पण आता सातारच्या रस्त्यावर रिक्षा धावतात, आणि रिक्षाला शेपटी नसते.

पोवई नाक्यावरच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. लग्न ठरले होते, आणि हनुवटीवरचा मस जावा म्हणून घरच्यांनी त्यावर चुना आणि सोडा कालवून लावला होता. मस गेला होता, पण त्या जागी रुपयाएवढी भाजल्याची खूण उरली होती. ती सारखा पदर हनुवटीशी नेत होती. मुलाच्या गालावर काय आहे हे कोणी विचारले असेल का, असा प्रश्न माझ्या मनात आला. पण तो विचारायची ती जागा नव्हती.

आत गेलो, तर डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “गुरुजी, मला ओळखलंत?” ओळखले. चौथीच्या हजेरीपटावर तेविसावी, आणि फळ्यावरच्या माझ्या चित्रांतली निम्मी तिची. तिने भिंगाचा दिवा गालाशी धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “पायातलं काढा.” शिष्येने गुरूचे पाय धरले, पण पाया पडायला नव्हे, तपासायला. आपल्या सावळ्या कातडीला तिळाचा कर्करोग सहसा होत नाही. झालाच, तर पुष्कळदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कोणी पाहत नाही, असे तिने सांगितले. माझा फिरस्त्याचा तीळ तिने निरखून पाहिला. तो निर्दोष ठरला.

“गालावरचाही साधाच दिसतोय,” ती म्हणाली. “पण रक्त येतंय आणि रंग बदललाय, म्हणून काढून तपासायला पाठवू. नुसता जाळून टाकला, तर तपासायला काय उरणार?” घोड्याच्या केसाची गोष्ट ऐकून ती हसली नाही. केसाने रक्ताची वाट तुटते, म्हणून चामखीळ वाळते, हे तिने मान्य केले. पण खाली पू झाला तर तो निस्तरायला माणसे तिच्याकडेच येतात. छातीवरचे आणि खांद्यावरचे मस हौसेने काढू नयेत, कारण तिथला व्रण कित्येकांच्या अंगावर फुगून मसापेक्षा मोठा होतो, हेही तिने बजावले. मी तिला वडिलांच्या मसाविषयी विचारले. अंगावर तीळ पुष्कळ असणे घराण्यात उतरते, ती म्हणाली, पण नेमकी जागा वारशाने येत नाही, तो योगायोग. हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

सुईची चुणचुण चार-पाच श्वासांपुरती. मग गाल दुसऱ्याच कोणाचा झाला. तिने पात्याने मस अलगद उचलला आणि औषधाच्या इवल्याशा बाटलीत टाकला. मुळाशी तारेचे टोक टेकवताच होळीत नारळाची शेंडी जळते तसा वास आला. मषक कापावा आणि मग क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावा, असे सुश्रुतानेही लिहिले आहे. वीज तेवढी नवी. दहा मिनिटांत सारे आटोपले. खपली नखाने काढू नका, उन्हात छत्री घ्या, एवढीच पथ्ये.

बाटली तपासणीला गेली आणि मी शाळेत गेलो. अहवाल येईपर्यंतचे पाच दिवस मी मुलांना फक्त शुद्धलेखन घातले. शिकवायचे म्हणजे बोलावे लागते. सहाव्या दिवशी दूरध्वनी आला, “गुरुजी, साधाच होता.” हिने देवापुढे साखर ठेवली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. ती घासलेलीच होती.

नवव्या दिवशी खपली पडली. खाली कोवळी गुलाबी जागा. आई मला अंगणात घेऊन गेली, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे फिरवले. आता रडेल, म्हणून मी तयारीत होतो. “अगंबाई,” ती म्हणाली, “अगदी दादासारखा दिसतोस रे! इतकी वर्षं त्या ठिपक्यानं दिसूच दिलं नाही.” दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो १९८१ साली गेला. तेव्हापासून आई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते.

मग तिनेच आपली मान पुढे केली. तुळशीची माळ मानेवरच्या चामखिळींत अडकते, म्हणून ती रोज सकाळी कुरकुरत असे. दिवाळीला आठ दिवस होते. मी तिला नाक्यावर घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली आणि आधी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. मानेवर अशा चामखिळींचा घोस असला, की साखर पाहावी, म्हणाल्या. साखर निघाली. फार नव्हे, पण निघाली. मग छोट्या कात्रीने अकरा चामखिळी कापल्या. आईने त्या मोजायला लावल्या.

घरी अनारशांचे पीठ मुरत ठेवलेले होते. उतरताना जिन्यात आई थांबली आणि मला म्हणाली, “बघ हं, गेले मी चामखिळी काढायला, आणि तुझी शिष्या साखरही काढून घेऊन बसली!”