कारण नसताना पळणं

आमच्याकडे पळायला कारण लागतं. एस.टी. सुटत असते, पाऊस गाठत असतो, कुत्रं मागे लागलेलं असतं, नाहीतर पी.टी.च्या सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्या असतात. पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात, पण तीही हौसेनं नाही. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि त्या सेकंदांवर घराचं पुढचं सगळं अवलंबून. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर ‘मी रोज सकाळी पळायला जाते’ असं सोलापूरला फोनवर सांगितलं, तेव्हा आईनं विचारलं, ‘‘का गं, डॉक्टरांनी सांगितलंय?’’ नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘‘मग?’’

या ‘मग’चं उत्तर अजूनही मला नीट देता येत नाही.

मी राहते ते चँडलर हे गाव तसं पळणाऱ्याला भुरळ घालणारं नव्हे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या आग्नेयेला, सपाट आणि पट्टीनं आखल्यासारखं. मैलामैलावर मोठा रस्ता, कोपऱ्यावर पेट्रोल पंप. इंटेलच्या चिपच्या कारखान्यांमुळे आपली माणसं भरपूर, पण रस्त्यावर पायी कोणी नाही. दूध आणायलाही गाडी काढायची. कितीतरी वर्षं हे गाव मी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं. सिग्नल कुठे लांबतो हे पाठ होतं, जमीन कुठे उतरते हे माहीत नव्हतं.

पळणं आवडलं ते हळू पळायला लागल्यावर. थोडं पळायचं, धाप लागली की चालायचं, पुन्हा पळायचं. वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. माझ्याजवळ बोलायला कोणी नसतं, म्हणून मी तेराचा पाढा म्हणते. ‘तेरा सत्ते’ला श्वास तुटला तर वेग जास्त झाला. (एकोणतीसचा घेऊ नये, तिथे घरी बसूनही दम लागतो.) शास्त्र इतकंच, की वेग बेताचा ठेवला की स्नायूंना ऑक्सिजन पुरतो आणि माणूस बराच वेळ टिकतो. पण हे उशिरा कळणाऱ्यांत भलेभले आहेत. ऑरेगनचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन, जे पुढे नायकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, ते 1962 च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले होते. तिथे आर्थर लिडियर्ड सामान्य माणसांना सावकाश पळायला शिकवत होते. त्यांच्याबरोबर टेकडीवर पळताना सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ बॉवरमनना सोबत करत राहिला, कारण बॉवरमनचाच दम संपला होता. परत येऊन बॉवरमननी आपल्या युजीन गावातल्या लोकांना तेच शिकवलं आणि अमेरिकेत जॉगिंगचं वेड पसरलं.

मी पळते ती कन्सॉलिडेटेड कालव्याच्या काठानं. डॉ. ए. जे. चँडलर हे खरे गुरांचे डॉक्टर. 1887 मध्ये इथे आले, कालव्यांच्या धंद्यात पडले आणि 1912 मध्ये स्वतःच्या नावाचं गाव वसवलं. त्यांच्याही कितीतरी आधी, हजार वर्षांपूर्वी, होहोकम लोकांनी या खोऱ्यात हातानं कालवे खोदले होते. कालव्याचं पाणी उतारानंच वाहतं, पण तो उतार इतका अल्प, की गाडीतून जन्मात कळला नसता. पोटऱ्यांना मात्र बरोबर कळतो, निदान मला तरी तसं वाटतं. उन्हाळ्यात पाऊस येण्याआधी क्रिओसोटच्या झुडपांचा उग्र, ओलसर वास सुटतो. गाडीची काच बंद, एसी चालू, म्हणजे तोही आजवर चुकलेलाच.

उन्हाची बढाई सोलापूरकरांनी इथे मारू नये. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइटला, म्हणजे 43 सेल्सियसला, किंवा त्याच्याही वर होता. सिमेंट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहतं. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये साडेपाचच्या आतच सूर्य वर येतो. मग चारला उठायचं. घरातले हसतात.

त्या ‘मग’च्या जवळ जाणारी एक गोष्ट याच राज्यात सापडली. लुईस टेवानिमा हा होपी जमातीचा. होपींमध्ये पळणं ही पावसासाठीची प्रार्थनाच असते. हा पोरवयात आपल्या गावाहून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या विन्स्लोला पळत जायचा, आगगाड्या बघायचा आणि पळत परतायचा, असं सांगतात. पुढे सरकारनं त्याला घरापासून दूर, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत नेऊन ठेवलं. तिथून तो ऑलिंपिकला गेला आणि 1912 मध्ये स्टॉकहोमला दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक जिंकला. नंतर गावी परतून त्यानं मेंढ्या राखल्या, शेती केली. पदकाबद्दल मला आदर आहे, पण हेवा वाटतो तो आगगाड्या बघायला जाणाऱ्या पोराचा.

हेही खरं, की बिनकारणी पळायला पोट भरलेलं लागतं. भरतीच्या पोरांना ही चैन परवडत नाही, आणि त्यांच्या पळण्यापुढे माझं पळणं म्हणजे लाडच. पण सकाळपासून रात्रीपर्यंत मी जे काही करते त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा कुठे ना कुठे हिशेब द्यावा लागतो, नोकरीत, घरात, व्हिसाच्या कागदांत. कालव्यावर जाऊन जिथून निघाले तिथेच परत यायचं, याचा हिशेब कोणी मागत नाही.

तुम्ही चाळिशीपुढे असाल आणि पी.टी.च्या सरांच्या शिट्टीमुळे पळण्याचा धसका घेतला असेल, तर एकदा शिट्टीशिवाय पळून बघा. पाणी बरोबर घ्या, घड्याळ घरी ठेवा, आणि शेजाऱ्यांनी ‘कुठे निघालात?’ विचारलं तर खुशाल ‘कुठेच नाही’ म्हणून सांगा.